देव पावला म्हणू नका

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. एका काकूंची मुलगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत आहे, श्वासाला मशीन लावलंय, सगळ्यांनी प्रार्थना करा. अर्ध्या तासात खाली सत्तावीस उत्तरं. जोडलेले हात, दिवे, स्वामींचे फोटो. 'देवावर विश्वास ठेवा, तो सगळं ठीक करेल.' 'श्रद्धा असेल तर चमत्कार होतोच.' आणि एका मावशींचं, 'पत्रिका दाखवून घ्या, माझ्या ओळखीचे गुरुजी आहेत.'

मीही जोडलेले हात पाठवणारच होते. अंगठा फोनवर टेकलाही होता. मग थांबले. कारण या सत्तावीस जणांतल्या प्रत्येकाने हीच वाक्यं एकदा मला पाठवली होती, आणि त्या वेळी मला काय वाटलं होतं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते. काही जण दुखावतील. इलाज नाही.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे कुणी भलता अर्थ काढायला नको. मी नास्तिक नाही. आमच्या घरात माळ आहे. सासरे दर वर्षी वारीला जायचे, आता सासूबाई जमेल तेवढं चालतात. सकाळी उदबत्ती लावल्याशिवाय माझाही चहा होत नाही. त्यामुळे हे जे भांडण आहे ते बाहेरच्याचं नाही, घरातलंच आहे.

तर गोष्ट २०१८ सालच्या जुलैमधली. २९ आठवडे पुरे होतात न होतात तोच माझं ब्लडप्रेशर असं काही वाढलं की डॉक्टरांनी थेट सीझरला घेतलं. मुलगी झाली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. म्हणजे साखरेच्या एका पुड्याएवढी, वर थोडी. मला तिचा फक्त एक पाय दिसला, माझ्या अंगठ्याएवढा. मग तिला नेलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या एनआयसीयूत, आणि मी खाली टाके सांभाळत पडून राहिले.

अशा बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा एक पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. त्याच्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसाचे बारीक फुगे मिटून चिकटत नाहीत. तो नसला की प्रत्येक श्वास हा पहिला श्वास असतो, चिकटलेला फुगा पुन्हा पहिल्यापासून फुगवायचा. एक किलोचा जीव तो किती वेळ फुगवणार? पहिल्याच दिवशी नळीतून ते औषध तिच्या फुप्फुसात सोडलं. पुढे सीपॅप. मग श्वास घ्यायचा विसरू नये म्हणून कॅफिन, हो, आपल्या चहा-कॉफीतलंच. या बाळांचा मेंदू इतका कच्चा असतो की तो मधेच श्वास घ्यायचं विसरतो. मग मॉनिटर ओरडतो आणि सिस्टर येऊन तळव्यावर टिचकी मारते. बाळ दचकतं, श्वास घेतं. आपण मात्र तेवढ्या दहा सेकंदांत म्हातारे होतो.

हे सगळं चाललेलं असताना आमच्या नातेवाइकांनी काय केलं ते ऐका.

पहिला फोन माझ्या एका चुलत सासूबाईंचा. 'पाचव्या महिन्यात तू माहेरी गेलीस ना, तेव्हा रस्त्यात काही ओलांडलंस का गं?' दुसरा फोन: 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, तुमचं नक्की कितव्यातलं?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ठार खोटं आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसं, आतडी, मेंदू जास्त तयार होतात आणि तितकी जगण्याची शक्यता वाढते. आठवा महिना सातव्यापेक्षा चांगलाच, नववा त्याहून चांगला. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण हे वाक्य बाळंतिणीच्या उशाशी बसून बोलत आलो आहोत. तिसरा फोन पत्रिकेचा. नक्षत्र वाईट, शांत करावी लागेल. आणि मग एक मामा, ज्यांनी मला न विचारता महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप ठरवून टाकला आणि नवऱ्याला दक्षिणेचा आकडा कळवला. त्या वेळी आम्ही पुढच्या तीन दिवसांचे पैसे हॉस्पिटलात भरायला माझ्या बांगड्या मोडल्या होत्या.

यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. पण या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एकच वाक्य होतं: तुझं काहीतरी चुकलं. ओलांडलंस, पाहिलंस, खाल्लंस, पूजा विसरलीस. ज्या बाईच्या पोटातून बाळ वेळेआधी काढावं लागलंय ती आधीच चोवीस तास हाच विचार करत असते. तिला आणखी एक गुन्हा शोधून देणं याला श्रद्धा म्हणायचं? मी याला क्रौर्य म्हणते.

आता सासूबाईंविषयी. या लेखातला शहाणपणा मुख्यतः त्यांचा आहे, माझा नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी घरी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, समोर कोरा कागद आणि पेन. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, तिला लिहायला साधन हवं. मी म्हटलं, "आई, बाळ तर तिकडे आहे, आणि कपाळावर टोपी ओढलेली आहे." त्या म्हणाल्या, "अगं, मी केलं ते माझ्या मनासाठी. तिचा कागद तिकडे सिस्टर भरतेय ना दर तासाला, तो नीट भरला की झालं." खरंच होतं. त्या रात्री माझ्या मुलीच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर दर तासाला नाडी, श्वास, ऑक्सिजन, तापमान लिहिलं जात होतं. सासूबाईंना ते दोन कागद एकमेकांचे वैरी वाटले नाहीत, पण कुठल्या कागदावर काय अवलंबून आहे हेही त्यांना पक्कं कळत होतं.

माझं पहिलं दूध, चिकाचं, चमचाभरसुद्धा नव्हतं. ते वाटीत घेऊन त्या दोन मजले चढून गेल्या, तीर्थ न्यावं तसं. त्यांच्या माहेरी चीक 'जड' म्हणून काढून टाकायचे, हेही त्यांनीच मला सांगितलं. पण डॉक्टरांनी एकदा समजावल्यावर विषय संपला. एनआयसीयूच्या दारात कोपरापर्यंत हात धुवायचा नियम होता. एक भाचा अंगारा घेऊन आला, बाळाला लावायचा म्हणून. त्याला त्यांनी दारातच अडवलं. "तो तू मला लाव. तिला नको. तिच्या कातडीला अजून धूळ सोसत नाही."

आणि मग आली २७ जुलै. गुरुपौर्णिमा आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. आठवत असेल तुम्हाला, या शतकातलं सगळ्यात लांब ग्रहण म्हणून टीव्हीवाल्यांनी डोकं उठवलं होतं. खग्रास स्थितीच १०३ मिनिटांची, रात्री एकपासून पावणेतीनपर्यंत. माझी मुलगी तेव्हा २३ दिवसांची होती आणि दर दोन तासांनी नाकातल्या नळीतून १४ मिली दूध घेत होती. दुपारपासून फोन सुरू. वेध लागले, आता बाळाला काही देऊ नका. निदान ग्रहणात तरी नको. एकीने तर सिस्टरशी बोलायची तयारी दाखवली.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू, शिकलेली असून घाबरले. दोन वाजताचं दूध चुकवलं तर काय बिघडेल, उगाच विषाची परीक्षा कशाला, असं मनात येऊन गेलं. आपल्या बाळाचा जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा माणूस कशालाही नाही म्हणायला धजत नाही. या भीतीवरच हा सगळा व्यवहार चालतो.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "अहो वन्सं, पंचांगसुद्धा बाळाला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला वेधातून सवलत देतं. आमची तर बाळही आहे आणि आजारीही. चंद्राला ग्रहण लागलंय, तिला नाही." रात्री दोन वाजता, चंद्र लाल असताना, सिस्टरने १४ मिली दूध सोडलं. तिच्या तक्त्यावर त्या वेळेपुढे तसं लिहिलं गेलं. बस.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, अंधश्रद्धेविरुद्ध आम्हीही आहोत, पण खऱ्या श्रद्धेबद्दल काय? तिची तर शक्ती असते ना? तर आता त्याच मुद्द्यावर येते, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

आमच्या शेजारच्या वॉर्मरवर एक मुलगा होता. माझ्या मुलीपेक्षा चांगला दुप्पट, दोन किलोचा. तो आधी घरी जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. त्याची आई अठरा-एकोणीस वर्षांची, वडील शेती करणारे, दर वर्षी दिंडीत चालणारे. त्या वर्षी मुलासाठी वारी चुकली म्हणून रोज खालच्या मजल्यावरच्या पायऱ्यांवर बसून हरिपाठ म्हणायचे. सासूबाई त्यांच्या शेजारी बसायच्या. आषाढी एकादशीला, २३ जुलैला, दोघांचाही कडक उपवास. दोन दिवसांनी तो मुलगा गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता.

आता मला सांगा. श्रद्धेने चमत्कार होत असतील तर तो कुणाच्या वाट्याला यायला हवा होता? मी ऑपरेशननंतर आठ दिवस देवाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, रागाने. तो माणूस उन्हापावसात अडीचशे किलोमीटर चालणारा. माझी मुलगी घरी आली, त्याचा मुलगा गेला. जो कुणी मला म्हणतो की 'तुमच्या श्रद्धेचं फळ मिळालं', तो न बोलता त्या बापाला सांगत असतो की तुझी कमी पडली. या वाक्याला दोन टोकं आहेत. आपण एकच धरतो, दुसरं कुणाच्या डोळ्यात जातंय ते बघत नाही. आणि बघायची गरजही पडत नाही, कारण ज्यांची बाळं गेली ती माणसं सत्यनारायणाला येऊन आपला अनुभव सांगत नाहीत. पेढे फक्त वाचलेल्यांचेच वाटले जातात.

त्या मुलाच्या घरच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी लगेच म्हटलं, 'देवाची मर्जी.' हे वाक्य सांत्वनासाठी म्हणतात, मान्य. पण त्या मुलाचं काय झालं होतं ते मला त्याच्या आईने सांगितलं होतं. लहान गावात जन्मला. श्वास जोरात चालला म्हणून इकडे आणायचं ठरलं तर गाडी मिळायला चार तास. आणलं जीपमधून, ओल्या दुपट्यात, पावसात. पोहोचला तेव्हा अंग गार. नवजात बाळ गार पडणं म्हणजे काय, हे एनआयसीयूतल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. यात देवाची मर्जी कुठे आली? यात उबदार अ‍ॅम्ब्युलन्स नसणं आलं, तालुक्याच्या ठिकाणी सोय नसणं आलं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून आणा, वरून कोरडं पांघरूण घाला, एवढं साधं वाक्य कुणी न सांगणं आलं. देवाची मर्जी म्हटलं की हे सगळे सुटले. कुणालाच जाब विचारायला नको.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: हे काम न झालेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. दोन्हीकडची माणसं एकाच जिल्ह्यातली, देवही तेच, नवसही तेच. त्या तीन वर्षांत देवाची मर्जी फक्त ३९ गावांपुरती बदलली होती का? बदललं ते एवढंच, की श्वास मोजायला कुणीतरी बाळापाशी बसलं.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या आयाही देवाला हात जोडूनच बाळं आत सोपवून आल्या असतील. तिथे 'नशीब' हा शब्द उच्चारायची कुणाची हिंमत व्हायला नको. तरीही तो उच्चारला जातो.

आणि कुणाला वाटत असेल की हे गरिबांचे, खेड्यातले प्रश्न, तर आणखी एक सांगते. ७ ऑगस्ट १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन सुमारे २.१ किलो. त्याला माझ्या मुलीचाच आजार होता, फुप्फुसं न उघडण्याचा. जगातला सगळ्यात ताकदवान बाप, धार्मिक घर, जन्मताच बाप्तिस्मा. मूल ३९ तासांत गेलं. सर्फॅक्टंटच्या अभावाने हे होतं हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं होतं, पण त्यावरचं औषध हातात नव्हतं. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना देऊन पाहिला, आणि तिथून चित्र पालटलं. म्हणजे केनेडींना जे मिळालं नाही ते माझ्यासारख्या क्लार्क बाईच्या मुलीला एका कुपीतून मिळालं. यातलं श्रेय वाटताना आम्ही पहिला पेढा कुठे नेला? देवळात. सिस्टरला दिला का? दिला, उरलेल्यातला.

आता दुसऱ्या बाजूच्याही चार गोष्टी, नाहीतर अर्धवट होईल.

नवऱ्याचा एक मित्र आहे, भला माणूस, विवेकवादी. हॉस्पिटलात भेटायला आला. सासूबाई बाकड्यावर बसून अभंग पुटपुटत होत्या. बाहेर पडल्यावर म्हणाला, "काकूंना सांग, याने काही होत नाही." मग एक अभ्यासही पाठवला. २००६ सालचा, अमेरिकेतला. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण. परक्या लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याने गुंतागुंतीत काही फरक पडला नाही. उलट ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्के रुग्णांना त्रास झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना चालू होती पण ते त्यांना नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्के.

मी तो वाचला. मला धक्का बसला नाही. ५९ चा आकडा वाचून तर नवलही वाटलं नाही. सत्तावीस माणसं तुमच्यासाठी देव पाण्यात घालून बसली आहेत हे ओझं मी उचललेलं आहे. बरं व्हायचीही जबाबदारी आपल्यावरच येते. पण मित्राला एक गोष्ट कळली नव्हती. सासूबाई अभंग म्हणत होत्या ते ऑक्सिजन वाढावा म्हणून नाही. रात्री दोन वाजता, लोखंडी बाकड्यावर, आत काय चाललंय ते दिसत नसताना, माणसाला बसून तर राहायचं असतं ना? उठून पळून न जाता. सुनेवर न खेकसता. सिस्टरशी न भांडता. त्या बसू शकल्या, ४७ रात्री. तो मित्र दहा मिनिटांत निघून गेला. मी त्याला दोष देत नाही, कुणीही जातं. पण बसायचं बळ कशातून येतं हा प्रश्न त्याच्या अभ्यासात नव्हता, आणि मला तेव्हा तोच प्रश्न होता.

तर श्रद्धेची जागा माझ्या मते ही आहे. ती बाळाच्या सलाईनमध्ये जात नाही. ती बाकड्यावर बसलेल्याच्या पाठीच्या कण्यात जाते. तिथे ती असेल तर चांगलीच आहे, कुणी काढून घेऊ नये. पण ती तिथून उठून डॉक्टरांच्या आड आली, दुधाच्या वेळा ठरवायला लागली, बाळंतिणीची उलटतपासणी घ्यायला लागली, की तिला हाताला धरून परत बाकड्यावर बसवलं पाहिजे. सासूबाईंनी भाच्याला बसवलं तसं. आणि हे काम नास्तिकांनी करून भागणार नाही, त्यांचं कुणी ऐकत नाही. ते माळ घातलेल्यांनीच करायला हवं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ते ऐकून आपण शहरातले हळहळतो. पण ग्रहणात १४ मिली दूध बंद करा म्हणणारा फोन आणि तो विळा यांच्यात अंतर किती, हे एकदा मोजून पाहा.

आणि सोपवूनच द्यायचं असेल सगळं, तर मग हातांनी काय करायचं? याचंही उत्तर मला तिथेच मिळालं. २४ व्या दिवशी सिस्टरने मला खुर्चीत बसवलं, गाऊन उघडायला सांगितला आणि मुलीला, नळ्यांसकट, माझ्या छातीवर ठेवलं. कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर मॉनिटरवरचा आकडा ८९ वरून ९५ झाला आणि तिथेच राहिला. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

आमच्या हॉस्पिटलात तोवर दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, काचेतूनच. बाळ स्थिर झाल्याशिवाय हात लावायचा नाही असाच तेव्हा रिवाज होता. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: एक ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न पाहता लगेच आईच्या छातीशी ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे. म्हणून आता कुणाचं बाळ आत असेल तर जप मांडण्याआधी डॉक्टरांना हे विचारा: आईला आत कधी घेणार? बापाला, आजीला धरता येईल का? नियम आहे म्हणाले तर पुन्हा विचारा. देवापुढे हट्ट धरता, तेवढा इथे धरा.

४७ दिवसांनी आम्ही घरी आलो. वजन एक किलो ७४० ग्रॅम. दारात ओवाळायला सगळे जमलेले. ते सव्वा लाख जपवाले मामा मोठ्याने म्हणाले, "देव पावला!" सासूबाईंनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"पावला म्हणू नका," त्या म्हणाल्या. "शेजारचं लेकरू गेलं. त्याच्या बापाबरोबर मी हरिपाठ म्हटलाय. त्याला नाही पावला, आणि मला पावला, असला देव मला नको. बाळ घरी आलं म्हणा. तेवढंच खरं आहे."

मामा गप्प झाले. त्या पुन्हा ताट उचलून ओवाळायला लागल्या. त्या वर्षीपासून सासूबाई पंढरपूरला काही मागत नाहीत, मला तसं सांगितलंय त्यांनी. जातात मात्र. मुलगी आता शाळेत जाते, चष्मा आहे, दम लवकर लागतो, भांडखोर आहे. देवाने दिली म्हणा, डॉक्टरांनी दिली म्हणा, मला दोन्ही चालतं. 'तुमच्या श्रद्धेने दिली' एवढं मात्र म्हणू नका.

असो. ग्रुपवर त्या मुलीच्या निरोपाखाली मी शेवटी काही लिहिलं नाही. काकूंना वेगळा फोन केला. पत्रिका, आठवा महिना, काहीही विचारलं नाही. विचारलं की हॉस्पिटल कुठलं, दूध काढायचा पंप आहे का, रात्री बाकड्यावर कोण बसतं, आणि डबा किती वाजता लागतो. त्या थोडा वेळ बोललीच नाहीत. मग म्हणाल्या, "साडेबाराला. पण तिला तिखट चालत नाही गं."

उद्यापासून डबा माझा. सासूबाईंनी हळीव भिजत घातलाय.